कॉलेज फुटबॉलमधील रिक्रूटिंगचे तारे मैदानावरच्या यशाचे भाकीत करतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो आणि जानेवारीत संपतो. रिक्रूटिंग, म्हणजे हायस्कूलमधील उत्तम खेळाडू आपल्या कॉलेजकडे ओढून आणण्याची चढाओढ, मात्र बाराही महिने चालते. या चढाओढीचे मोजमाप म्हणजे प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे लागणारे दोन ते पाच तारे. ओहायो, मिशिगन, टेक्सास, जॉर्जिया अशा राज्यांत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या अनेक मराठी मंडळींना पहिल्याच हिवाळ्यात ही भाषा कानावर पडते आणि मग साहजिकच काही प्रश्न पडतात. त्यांपैकी नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

हे तारे कोण देते?

कॉलेजे किंवा एनसीएए ही नियामक संस्था तारे देत नाही. रायव्हल्स, २४७स्पोर्ट्स, ईएसपीएन आणि ऑन३ या खासगी माध्यमसंस्थांनी ही पद्धत रूढ केली. त्यांचे निरीक्षक हायस्कूलच्या सामन्यांच्या चित्रफिती पाहतात, उन्हाळी शिबिरांत खेळाडूंची उंची, वजन, धावण्याची वेळ नोंदवतात, कोचांशी बोलतात आणि गुण देतात. २४७स्पोर्ट्स वेगवेगळ्या संस्थांचे गुण एकत्र करून एक संयुक्त गुणांक काढते आणि चर्चेत बहुतेक वेळा तोच वापरला जातो.

पाच तारे किती जणांना द्यायचे याची संख्याही सूचक आहे. २४७स्पोर्ट्स एका वर्षी साधारण ३२ खेळाडूंना पाच तारे देते, कारण एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमात, पहिल्या फेरीत ३२ निवडी असतात. म्हणजे पाच तारे देणारा निरीक्षक खरे तर असे सांगत असतो की, हा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा तीन-चार वर्षांनी पहिल्या फेरीत निवडला जाण्याच्या योग्यतेचा आहे. हा दावा फार मोठा आहे आणि तो तपासूनही पाहता येतो.

थोडक्यात सांगायचे तर, हे भाकीत खरे ठरते का?

समूहाच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरे ठरते. एकेका खेळाडूच्या बाबतीत ते केवळ शक्यता सांगते. पाच तारे मिळालेल्या खेळाडूंपैकी साधारण निम्मे किंवा त्याहून थोडे अधिक खेळाडू पुढे ड्राफ्टमध्ये निवडले जातात. चार ताऱ्यांच्या खेळाडूंमध्ये हे प्रमाण ढोबळमानाने पाचांत एक एवढे खाली येते, आणि तीन ताऱ्यांच्या खेळाडूंमध्ये ते शंभरात दहाच्याही आत असते. पायऱ्या अशा स्पष्ट उतरत्या असतील तर ताऱ्यांत काही अर्थ नाही असे म्हणता येत नाही. पण सर्वांत वरच्या पायरीवरचेही जवळजवळ निम्मे खेळाडू निवडलेच जात नाहीत, हेही त्याच आकड्यांत लिहिलेले आहे.

मग एनएफएलचे इतके नावाजलेले खेळाडू दोन किंवा तीन ताऱ्यांचे कसे?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि दर वर्षी सुपर बोलच्या, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याच्या, आठवड्यात तो नव्याने उगवतो. कोणीतरी दोन्ही संघांच्या खेळाडूंची यादी काढतो, त्यांना हायस्कूलमध्ये किती तारे होते ते शेजारी लिहितो, आणि पाच ताऱ्यांच्या खेळाडूंपेक्षा तीन किंवा त्याहून कमी ताऱ्यांचे खेळाडू कितीतरी जास्त आहेत असे दाखवून तारे निरर्थक असल्याचा निकाल देतो. यादी खरी असते, पण निष्कर्ष चुकीचा असतो.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. समजा, एका वर्षी पाच ताऱ्यांचे ३० खेळाडू आहेत आणि तीन ताऱ्यांचे २,००० आहेत. पाच ताऱ्यांपैकी निम्मे, म्हणजे १५ जण, ड्राफ्टपर्यंत पोचले. तीन ताऱ्यांपैकी शंभरात सहाच पोचले, तरी त्यांची संख्या १२० होते. ड्राफ्टच्या यादीत तीन ताऱ्यांचे खेळाडू आठपट दिसतात आणि तरीही पाच ताऱ्यांच्या खेळाडूची संधी त्यांच्यापेक्षा आठपट असते. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. सुपर बोलची यादी शेवटाकडून सुरुवातीकडे पाहते. भाकिताची परीक्षा घ्यायची असेल तर सुरुवातीला उभे राहून पुढे पाहावे लागते. दहावीला बोर्डात आलेल्या मुलांपेक्षा न आलेली मुलेच पुढे डॉक्टर जास्त होतात, यावरून बोर्डात येण्याला काही किंमत नाही असे आपण म्हणत नाही, तसेच हे आहे.

तरीही निरीक्षकांच्या नजरेतून चांगले खेळाडू सुटतात. ते का?

सुटतात, आणि त्यामागे बहुतेक वेळा समजण्यासारखी कारणे असतात.

पहिले कारण हायस्कूलमधील खेळण्याच्या पद्धतीचे आहे. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये सर्वांत पहिला निवडला गेलेला क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) कॅम वॉर्ड हा टेक्सासमधील वेस्ट कोलंबिया या लहान गावच्या हायस्कूलमध्ये खेळत असे. त्या शाळेचा संघ विंग-टी नावाच्या जुन्या पद्धतीने खेळायचा. या पद्धतीत चेंडू घेऊन पळण्यावर भर असतो आणि क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याची वेळ क्वचितच येते. ज्याच्या फेकीवर निर्णय घ्यायचा, त्याची फेक चित्रफितीत दिसणारच नसेल तर निरीक्षकाने काय जोखायचे? वॉर्डला सॅन अँटोनियोतील इन्कार्नेट वर्ड या खालच्या गटातील विद्यापीठाने घेतले. तेथून तो वॉशिंग्टन स्टेटला आणि नंतर मायामीला गेला.

दुसरे कारण अंगकाठीचे आहे. सतराव्या वर्षीचे शरीर बाविसाव्या वर्षी राहत नाही. जे. जे. वॉट सेंट्रल मिशिगनमध्ये टाइट एंड (आक्रमणात अडवणारा आणि चेंडूही झेलणारा खेळाडू) म्हणून गेला, एका वर्षाने ते सोडून स्कॉलरशिपशिवाय विस्कॉन्सिनच्या संघात आला, बचावफळीत उभा राहिला आणि २०११ च्या ड्राफ्टमध्ये अकरावा निवडला गेला. पुढे तीन वेळा तो एनएफएलचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. वॉटने सोडलेल्या त्याच सेंट्रल मिशिगनमधून एरिक फिशर हा लाइनमन (आघाडीला उभा राहून समोरच्यांना अडवणारा खेळाडू) २०१३ मध्ये सर्वांत पहिला निवडला गेला, आणि त्यालाही हायस्कूल संपताना मोठ्या कॉलेजांनी विचारले नव्हते.

तिसरे कारण भूगोलाचे. फ्लोरिडा, टेक्सास, जॉर्जिया आणि दक्षिण कॅलिफोर्निया येथे निरीक्षकांचा राबता असतो. कॅलिफोर्नियातील फायरबॉ या शेतीवर जगणाऱ्या गावात तो नसतो. जॉश ॲलन तिथला. हायस्कूल संपले तेव्हा वरच्या गटातील एकाही कॉलेजने त्याला बोलावले नाही. रीडली येथील दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजमध्ये एक हंगाम खेळून त्याने देशभरच्या कोचांना ईमेल पाठवले आणि अखेर वायोमिंगने त्याला घेतले. २०१८ मध्ये तो ड्राफ्टमध्ये सातवा होता.

कोणत्या जागेवरच्या खेळाडूंबाबत अंदाज जास्त चुकतो?

क्वार्टरबॅक आणि आक्रमणफळीतील लाइनमन यांच्याबाबत. लाइनमनला वाढायला वेळ लागतो. क्वार्टरबॅकचे निम्मे काम डोक्यात चालते आणि ते शिबिरातल्या मोकळ्या मैदानात दिसत नाही. वेगावर अवलंबून असलेल्या जागांबाबत, उदाहरणार्थ कडेने धाव घेऊन क्वार्टरबॅकवर चाल करणाऱ्या बचावपटूंबाबत, अंदाज तुलनेने बरा असतो. २०११ च्या यादीत अव्वल असलेला जॅडेव्हियन क्लाउनी २०१४ मध्ये ड्राफ्टमध्येही पहिला होता आणि २०१४ चा पाच ताऱ्यांचा माइल्स गॅरेट २०१७ मध्ये पहिला होता. उलट क्विन एवर्स या क्वार्टरबॅकला २४७स्पोर्ट्सच्या संयुक्त गुणांकात पैकीच्या पैकी गुण होते. त्याने टेक्सासला दोनदा प्लेऑफच्या, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद सामन्यांच्या, उपांत्य फेरीपर्यंत नेले, हे काही लहान यश नव्हे. पण २०२५ च्या ड्राफ्टमध्ये त्याचे नाव सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत आले.

संघाच्या पातळीवर ताऱ्यांचा उपयोग कसा मोजतात?

सर्वांत गाजलेले माप म्हणजे बड एलियट या पत्रकाराने मांडलेले ‘ब्लू-चिप रेशो’. कॉलेजने मागच्या चार वर्षांत हायस्कूलमधून घेतलेल्या खेळाडूंपैकी चार किंवा पाच तारे असलेले किती टक्के, एवढाच त्याचा हिशेब. हे प्रमाण ५० टक्क्यांच्या वर असलेले कॉलेजच राष्ट्रीय विजेतेपद मिळवते, असे एलियट यांचे निरीक्षण होते. अलीकडच्या काळात दर वर्षी साधारण पंधरा ते अठरा कॉलेजे ही रेषा ओलांडतात, आणि वरच्या गटात तर सुमारे १३५ कॉलेजे खेळतात.

हे निरीक्षण वर्षानुवर्षे टिकले. अलाबामा, फ्लोरिडा स्टेट, ओहायो स्टेट, क्लेमसन, एलएसयू, जॉर्जिया, मिशिगन: २०११ ते २०२४ या हंगामांतील सर्व विजेते रेषेच्या वर होते. त्यांपैकी २०१६ चे क्लेमसन आणि २०२३ चे मिशिगन जेमतेम वर होते, हे येथे नोंदवून ठेवावे. रेषेखालचे संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचले, पण तेथे त्यांची दमछाक झाली. टीसीयूने २०२२ च्या हंगामात उपांत्य सामन्यात मिशिगनला ५१–४५ असे हरवले आणि नऊ दिवसांनी जॉर्जियाकडून ६५–७ असा मार खाल्ला. पुढच्या हंगामात वॉशिंग्टन एकही सामना न हरता अंतिम फेरीत आले आणि मिशिगनकडून ३४–१३ असे हरले.

माझ्या मते या मापाचे बळ त्याच्या नकारात्मक बाजूत होते. कोण जिंकेल हे ते सांगत नव्हते. कोण जिंकणार नाही हे मात्र सांगत होते. शंभराहून अधिक कॉलेजे एका झटक्यात यादीतून वगळणारे दुसरे इतके सोपे साधन कोणाकडे नव्हते.

जॉर्जियासारख्या संघात सगळेच निवडक खेळाडू असतात का?

नाही. २०२१ च्या विजेत्या जॉर्जियाच्या बचावफळीतील पाच खेळाडू २०२२ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच फेरीत गेले. त्यांपैकी जॉर्डन डेव्हिस हा मधोमध उभा राहणारा अवाढव्य खेळाडू हायस्कूलमध्ये तीन ताऱ्यांचा होता. आणि त्या संघाचा क्वार्टरबॅक स्टेटसन बेनेट तर मुळात स्कॉलरशिपशिवाय आलेला होता. मधल्या काळात तो मिसिसिपीतील एका दोन वर्षांच्या कॉलेजात जाऊन परत आला होता आणि त्याने लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवून दिली. ताऱ्यांनी भरलेल्या संघातही कोचला दोन-चार जागी स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवावा लागतो.

भरपूर तारे असूनही संघ फसतो तेव्हा नेमके काय झालेले असते?

याचे ठळक उदाहरण टेक्सास ए अँड एमचे आहे आणि ते जरा सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण त्याचा नेहमी चुकीचा अर्थ लावला जातो.

२०२२ मध्ये या कॉलेजने खेळाडूंची जी तुकडी जमवली, ती २४७स्पोर्ट्सच्या संयुक्त गुणांकाच्या इतिहासात तोवरची सर्वांत उच्च दर्जाची होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, देशात सहाव्या क्रमांकावर असताना, त्यांच्या घरच्या मैदानावर ॲपलाचियन स्टेटने त्यांना १७–१४ असे हरवले. पुढे लागोपाठ सहा सामने गेले आणि हंगाम ५ विजय, ७ पराभव असा संपला. नोव्हेंबर २०२३ मध्ये कोच जिंबो फिशर यांना करार मोडून घरी पाठवण्यात आले. त्यासाठी कॉलेजला साडेसात कोटी डॉलरांहून अधिक रक्कम देणे भाग पडले.

यावरून तारे खोटे होते असे म्हणणारे दोन गोष्टी विसरतात. पहिली गोष्ट अशी की, तुकडी २०२२ ची असली तरी २०२२ च्या हंगामात मैदानावर बहुतांश ज्येष्ठ खेळाडू असतात. अठरा वर्षांच्या मुलांचा भार संघावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पडतो. म्हणूनच ब्लू-चिप रेशो चार वर्षांचा हिशेब धरतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. त्या तुकडीतील वॉल्टर नोलेन आणि शेमार स्ट्युअर्ट हे दोघे २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत अनुक्रमे सोळावे आणि सतरावे निवडले गेले. नोलेन तोवर ए अँड एम सोडून ओल मिसला गेला होता. म्हणजे या खेळाडूंबाबतचा अंदाज बरोबर होता; चुकले ते त्यांचा संघ बांधण्याचे काम. एका हंगामात तीन क्वार्टरबॅक खेळवून पाहिले गेले, आक्रमणाची आखणी जुनाट असल्याची टीका सतत होत राहिली, आणि तुकडीतील बरेच जण पुढच्या दोन वर्षांत अन्य कॉलेजांत निघून गेले. तारे माणसाची कुवत सांगतात. त्या कुवतीचे काय करायचे हे कोचने ठरवायचे असते आणि त्याला कोणी तारे देत नाही.

टेक्सास विद्यापीठाचेही २०१० नंतरचे दशक असेच गेले. खेळाडू नावाजलेले, आणि २०१४ ते २०१६ या तीन हंगामांत मिळून १६ विजय आणि २१ पराभव.

मोठ्या कॉलेजने विचारणा केली की तारे वाढवले जातात, असे म्हणतात. मग हे भाकीत स्वतःलाच खरे करत नाही का?

या आक्षेपात तथ्य आहे. एखाद्या फारशा परिचित नसलेल्या मुलाला अलाबामा किंवा जॉर्जियाने स्कॉलरशिप देऊ केली, तर निरीक्षक त्याची चित्रफीत पुन्हा पाहतात आणि अनेकदा त्याचे गुण वाढतात. निरीक्षकाच्या बाजूने पाहिले तर यात गैर काही नाही. निक सेबन यांच्यासारख्या, अलाबामाला सहा विजेतेपदे मिळवून देणाऱ्या कोचचे मत हाही एक पुरावाच आहे. पण मग तारे हे स्वतंत्र मोजमाप राहत नाही. त्यात कोचांचे मत मिसळलेले असते. शिवाय या संस्था वर्गणीवर चालतात आणि वर्गणी भरणारे चाहते मोठ्या कॉलेजांचे असतात, हेही डोळ्यांआड करता येणार नाही.

दुसरी गुंतागुंत अशी की, चांगले खेळाडू घेणाऱ्या कॉलेजकडे चांगले कोच, भव्य व्यायामशाळा, आहारतज्ज्ञ आणि भरपूर पैसाही असतो. विजयातला किती वाटा खेळाडूंच्या ताऱ्यांचा आणि किती या बाकीच्या गोष्टींचा? अर्थशास्त्रज्ञ यासाठी एका कॉलेजची तुलना दुसऱ्याशी न करता त्याच कॉलेजच्या बऱ्या आणि वाईट तुकड्यांशी करतात, म्हणजे पैसा, परंपरा, हवामान हे घटक जवळपास स्थिर राहतात. अशी तुलना केली की ताऱ्यांचा परिणाम कमी होतो, पण नाहीसा होत नाही. मला हे उत्तर सर्वांत प्रामाणिक वाटते.

कमी तारे असूनही सातत्याने जिंकणारी कॉलेजे कोणती आणि ती काय वेगळे करतात?

आयोवा, विस्कॉन्सिन, कॅन्सस स्टेट, युटा आणि बॉइझी स्टेट ही नावे नेहमी घेतली जातात. आयोवात कर्क फेरेन्ट्झ १९९९ पासून प्रमुख कोच आहेत. खेळाडूला दोन-तीन वर्षे थांबवून, वजन आणि ताकद वाढवून मगच मैदानात उतरवायचे ही त्यांची रीत. जॉर्ज किटल हा टाइट एंड याच मुशीतला. कॅन्सस स्टेटच्या बिल स्नायडर यांनी दोन वर्षांच्या कॉलेजांतून तयार खेळाडू उचलण्याचा मार्ग पत्करला. लष्करी अकादमीचा आर्मी संघ तर ट्रिपल ऑप्शन ही धावण्यावर आधारलेली वेगळीच पद्धत खेळतो आणि त्याला ताऱ्यांच्या बाजारात उतरावेच लागत नाही. २०२४ मध्ये त्याने १२ सामने जिंकले.

या सर्वांची मर्यादाही दिसते. आठ-दहा विजय दर वर्षी, कधीतरी मोठा चमत्कार, आणि अखेरच्या टप्प्यावर प्रतिस्पर्ध्याच्या निव्वळ ताकदीपुढे शरणागती. २०१५ च्या हंगामात मिशिगन स्टेट प्लेऑफमध्ये पोचले आणि अलाबामाकडून ३८–० असे हरले. २०२५ पर्यंत हे चित्र बदलले नव्हते.

इंडियानाने २०२५ च्या हंगामात ब्लू-चिप रेशोचा हा नियम मोडला का?

होय, आणि असा मोडला की पळवाट शोधायलाही जागा उरली नाही. इंडियाना विद्यापीठ हे कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात सर्वाधिक पराभव पदरी असलेल्या कॉलेजांपैकी एक. २०२३ मध्ये त्यांनी ३ सामने जिंकले आणि ९ गमावले. त्या नोव्हेंबरअखेर कर्ट सिग्नेटी कोच म्हणून आले. ‘मी जिंकतो, गूगल करून पाहा’ हे त्यांचे सुरुवातीचे वाक्य तेव्हा अनेकांना फुशारकी वाटले. २०२४ मध्ये ११ विजय मिळाले. २०२५ मध्ये १६ पैकी १६ सामने जिंकून, अंतिम सामन्यात मायामीला त्यांच्याच घरच्या स्टेडियममध्ये हरवून इंडियाना राष्ट्रीय विजेते ठरले. ब्लू-चिप रेशोच्या ५० टक्क्यांच्या रेषेच्या ते आसपासही नव्हते.

हे कसे घडले ते पाहिले की ताऱ्यांविषयीचा मूळ प्रश्नच बदलतो. सिग्नेटी येताना जेम्स मॅडिसन विद्यापीठातील आपल्या खेळाडूंचा मोठा गट घेऊन आले. लाइनबॅकर एडन फिशर, बचावपटू मिकेल कमारा, रिसीव्हर एलायजा सॅरेट आणि जेमतेम ५ फूट ९ इंच उंचीचा कॉर्नरबॅक डिअँजेलो पाँड्स हे त्यांतलेच. हायस्कूलमध्ये यांच्या मागे कोणी लागले नव्हते, पण कॉलेजच्या मैदानावर त्यांनी काय केले हे सिग्नेटी यांनी दररोज पाहिले होते. क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा मायामीचा. हायस्कूलमध्ये असताना त्याने आधी येल विद्यापीठाला होकार दिला होता, मग तो कॅलिफोर्निया विद्यापीठात खेळला आणि तेथून इंडियानात येऊन २०२५ ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, घेऊन गेला. खेळाडूमध्ये दडलेल्या शक्यतेपेक्षा सिद्ध झालेली कामगिरी मोलाची, हे सिग्नेटी यांचे सूत्र आहे.

यातली गंमत अशी की हेच सिग्नेटी २००७ ते २०१० या काळात अलाबामात निक सेबन यांच्या हाताखाली रिक्रूटिंगचे समन्वयक होते. ताऱ्यांचा खेळ त्यांना आतून ठाऊक होता.

म्हणजे आता ताऱ्यांचा काळ संपला का?

मला तसे वाटत नाही, पण त्यांची जागा बदलली आहे. कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंद ठेवणारे ट्रान्स्फर पोर्टल ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाले. २०२१ पासून खेळाडूला एकदा कॉलेज बदलून लगेच खेळता येऊ लागले आणि २०२४ मध्ये उरलेले निर्बंधही गेले. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली, आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर कॉलेजे थेट खेळाडूंना उत्पन्नातला वाटा देऊ लागली. ब्लू-चिप रेशो हायस्कूलमधून घेतलेल्या खेळाडूंचाच हिशेब करतो. निम्मा संघ पोर्टलमधून येत असेल तर त्या हिशेबात निम्मा संघ धरलाच जात नाही.

कोचच्या हाती आता दोन प्रकारची माहिती असते. सतरा वर्षांच्या मुलाबाबत तारे, आणि एकवीस वर्षांच्या खेळाडूबाबत कॉलेजमधील दोन-तीन हंगामांची प्रत्यक्ष कामगिरी. दुसरी माहिती उपलब्ध असेल तेथे पहिलीवर विसंबून राहण्यात शहाणपण नाही. तरीही २०२४ चे विजेते ओहायो स्टेट हे देशातील सर्वांत तारांकित संघांपैकी एक होते. शिवाय हायस्कूलचा अव्वल खेळाडू अजूनही बऱ्याचदा अव्वलच निघतो: २०२२ च्या यादीत पहिला असलेला ट्रॅव्हिस हंटर जॅक्सन स्टेट आणि कोलोरॅडो अशा आडवळणाने गेला आणि तरीही २०२४ चा हाइझमन विजेता झाला.

एका सामन्याचा निकाल ताऱ्यांवरून सांगता येईल का?

अनेक सामन्यांचा एकत्रित अंदाज बरा येतो, एका शनिवारचा नाही. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी व्हँडरबिल्टने अलाबामाला ४०–३५ असे हरवले.

आमचा मुलगा अमेरिकेत हायस्कूल फुटबॉल खेळतो. त्याला एकही तारा नाही. कॉलेजमध्ये खेळण्याची आशा सोडावी का?

तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडून हा प्रश्न आता येऊ लागला आहे. आशा सोडण्याचे कारण नाही, कारण कॉलेज फुटबॉल खेळणाऱ्या बहुसंख्य मुलांना कोणीही तारे दिलेले नसतात. वरच्या गटाखाली एफसीएस (डिव्हिजन एकचाच खालचा गट), डिव्हिजन दोन आणि डिव्हिजन तीन असे स्तर आहेत. डिव्हिजन तीनमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप मिळत नाही, आयव्ही लीगमध्येही नाही. पण चांगल्या कॉलेजच्या प्रवेशात खेळाची मदत होऊ शकते, आणि आपल्याकडील पालकांना बहुतेक वेळा तेच महत्त्वाचे असते. वरच्या गटात स्कॉलरशिपशिवाय संघात शिरण्याची वाट मात्र अरुंद झाली आहे, कारण २०२५ पासून उत्पन्नाच्या वाटणीत सहभागी असलेल्या कॉलेजांना संघात १०५ खेळाडूंचीच मर्यादा आहे.

तारे मिळवून देण्याचे आश्वासन देणाऱ्या महागड्या शिबिरांवर पैसे घालण्यापेक्षा, ज्या कॉलेजमध्ये खेळण्याची खरोखर शक्यता आहे त्याच कॉलेजच्या उन्हाळी शिबिराला मुलाला पाठवावे. तेथे कोच स्वतः पाहतो. त्याला निवडक क्षणांच्या चित्रफितीबरोबर दोन-तीन संपूर्ण सामन्यांच्या चित्रफितीही पाठवाव्यात. आणि डिव्हिजन एकमध्ये खेळायचे असेल तर एनसीएएच्या पात्रता केंद्राकडे १६ ठरावीक विषय आणि त्यांत किमान २.३ जीपीए (सरासरी गुणांक) दाखवावा लागतो, तेव्हा ते विषय नववीपासूनच शाळेच्या समुपदेशकाकडून तपासून घ्यावेत.